कुंपणावरचे आसन

आपल्या मंदिराच्या सभासदांची गेल्या माघ महिन्यातील बैठक ज्यांना आठवत असेल, त्यांना त्या सायंकाळचा विषयही आठवत असेल. शाळेच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या. संध्याकाळच्या भजनाचा ध्वनिक्षेपक परीक्षा संपेपर्यंत बंद ठेवावा की नेहमीप्रमाणे चालू ठेवावा, एवढाच प्रश्न होता. ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुले आहेत त्या माता म्हणत होत्या की, घरे लहान, भिंती पातळ, मुलांनी अभ्यास करावा तरी कोठे? दुसऱ्या बाजूस काही वृद्ध भगिनी होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवत नाही. खिडकीत बसून कानांवर येणारे भजन हेच त्यांचे देवदर्शन. दोन्ही मागण्या मनापासूनच्या होत्या आणि दोन्हींमध्ये तथ्य होते.

मंडळींनी मला विचारले, "काका, तुम्ही वडीलधारे. तुमचे काय मत?" मी गळा साफ करून म्हणालो, "दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त आहे. मंडळ जे ठरवील ते मला मान्य आहे." एवढे बोलून मी समाधानाने बसणार, तोच मागच्या रांगेतील एक महाविद्यालयीन विद्यार्थी हसून म्हणाला, "काका, तुम्ही तर फेन्सवरच बसलात!" सगळे हसले. मीही हसलो. थोड्या वेळाने प्रसाद वाटला गेला आणि काहीही न ठरता बैठक संपली.

घरी परतल्यावर मात्र त्या मुलाचे शब्द मनातून जाईनात. तो उर्मटपणे बोलला नव्हता. जे दिसले ते बोलला होता. हे कुंपणावरचे आसन म्हणजे नेमके काय, ते इतके सुखाचे का वाटते आणि त्या सुखाची किंमत कोण देतो, ह्याचा विचार त्या रात्री मी करू लागलो. तो विचार आज सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

'सिटिंग ऑन द फेन्स' हा इंग्रजी भाषेतील वाक्प्रचार. दोन शेतांच्या मधील लाकडी कुंपणावर एखादा मनुष्य बसला आहे. त्याचा एक पाय ह्या शेताकडे, दुसरा त्या शेताकडे. जिकडे लाभ दिसेल तिकडे उडी मारण्यास तो मोकळा आहे, परंतु अजून त्याने उडी मारलेली नाही. जो मनुष्य एखाद्या वादात आपले मत देत नाही किंवा देण्याचे पुढे ढकलीत राहतो, त्याच्याविषयी इंग्रजीत असे बोलतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या राजकारणात हा वाक्प्रचार विशेष रूढ झाला. १८८४ साली तेथील अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या काही प्रतिष्ठित गृहस्थांनी आपल्या पक्षाचा उमेदवार जेम्स ब्लेन ह्यास नाकारून विरोधी पक्षाच्या ग्रोव्हर क्लीव्हलंड ह्यास पाठिंबा दिला. त्यांना 'मगवंप' असे नाव पडले आणि पुढे त्या नावावर अशी कोटी झाली की, ह्यांचे तोंड, म्हणजे 'मग', कुंपणाच्या एका बाजूस असते आणि उरलेला 'वंप' दुसऱ्या बाजूस. गंमत अशी की, त्या गृहस्थांनी तर उघडपणे निर्णय घेतला होता. स्वतंत्र बुद्धीने चालणाऱ्या मनुष्यावरही कुंपणावर बसल्याचा आरोप होऊ शकतो, एवढे ह्या कथेवरून लक्षात ठेवावे. तो आरोप प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही.

त्याच भाषेत 'शिली-शॅली' असा आणखी एक शब्द आहे. त्याचे मूळ 'शॅल आय, शॅल आय' ह्या द्विरुक्तीत आहे. म्हणजे आपल्याकडील "करू का? करू का?" असे स्वतःलाच पुनःपुन्हा विचारणे.

आपल्या भाषेत पाहिले तर निर्णय न घेणाऱ्यास कुंपणावर बसविण्याची रीत मूळची नाही. त्याचे कारणही उघड आहे. आपल्या खानदेशातील किंवा ह्या दक्षिण गुजरातेतील शेताचे जुने कुंपण आठवा. निवडुंग, थोर नाही तर बाभळीच्या काट्या! त्यावर बसणार कोण? विलायती कुंपण लाकडी आडव्यांचे असते. त्यावर घटकाभर विसावता येते. आपले कुंपण बसण्याजोगे नसल्यामुळे आपल्या पूर्वजांनी अशा मनुष्यासाठी इतर जागा शोधल्या. दोन्ही पक्षांना खूष ठेवणाऱ्याचे दोन डगरींवर हात असतात. ज्याला पुढे जाववत नाही आणि मागेही फिरवत नाही, त्याचा त्रिशंकू होतो. जो आज एक धरतो आणि उद्या ते सोडतो, तो धरसोड्या. मुलांच्या खेळातून आलेला 'तळ्यात-मळ्यात' हा शब्द तर सर्वांच्या तोंडी आहे. तो खेळ आपण सर्वच खेळलो आहोत. जमिनीवर एक रेघ ओढायची. एका बाजूस तळे, दुसऱ्या बाजूस मळा. सांगणारा जे म्हणेल तिकडे उडी मारायची. चुकला तो बाद. त्या खेळात रेघेवर उभे राहण्याची सोय नाही. लहान मुलांना जे कळते ते आपण थोर माणसे विसरतो आणि आयुष्यभर रेघेवर उभे राहण्याची धडपड करतो.

येथे कोणी विचारील की, सावधपणे विचार करणे हा काय दोष आहे? घाईने निर्णय घेऊन पस्तावणारे थोडे का असतात? ही शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. न ठरविणे म्हणून जे बाहेरून दिसते, त्याचे निदान तीन प्रकार आहेत आणि ते एकमेकांपासून निराळे ओळखले पाहिजेत.

पहिला प्रकार जिज्ञासूचा. त्याला खरोखरच कळलेले नसते आणि कळून घेण्यासाठी तो झटत असतो. रणांगणावर धनुष्य खाली ठेवणारा अर्जुन हा ह्या प्रकारचा. त्याचे मन दोलायमान झाले होते, परंतु त्याने ते लपविले नाही. आपल्याला कर्तव्य कळेनासे झाले आहे असे त्याने उघड सांगितले, शिष्य होऊन विचारले, शंकेवर शंका काढल्या आणि शेवटी संशय फिटला असे सांगून तो उठला. गीतेने संशयात्म्याची जी कठोर निंदा केली आहे ती अर्जुनासारख्या प्रश्न विचारणाऱ्याची नव्हे. संशयातच घर करून राहणाऱ्याची आहे. लोकमान्य टिळकांच्या गीतारहस्यात 'कर्मजिज्ञासा' नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. कर्तव्याकर्तव्याच्या पेचात सापडलेल्या माणसांची उदाहरणे देताना तेथे महाभारताबरोबर शेक्सपियरच्या हॅम्लेटचाही उल्लेख येतो. हेच नाटक टिळकांचे एके काळचे सहकारी गोपाळ गणेश आगरकर ह्यांनी 'विकारविलसित' ह्या नावाने मराठीत आणले होते. डेन्मार्कचा राजपुत्र असो की कुरुकुळातील वीर, मनाचा पेच सर्वत्र एकच आहे. एकाने विचारून तो सोडविला, दुसऱ्याच्या दिरंगाईत अनेकांचे प्राण गेले.

दुसरा प्रकार मध्यस्थाचा. तोही कोणत्याच पक्षात नसतो, परंतु तो रिकामा बसलेला नसतो. ह्याकडून त्याच्याकडे आणि त्याच्याकडून ह्याच्याकडे जाऊन त्याच्या पायांना फोड येतात. कुंपणावरचा मनुष्य दोन्ही बाजूंना गोड दिसतो. मध्यस्थ बहुधा दोन्ही बाजूंचे बोल खातो. एवढ्या एका खुणेवरून ते दोघे ओळखता येतात.

तिसरा प्रकार मात्र खरोखर कुंपणावर बसलेल्याचा. त्याला पुष्कळदा काय योग्य ते कळलेले असते. कळले नसेल तर कळून घेण्याची त्याला निकडही नसते. त्याला एकच भय असते. बोललो तर कोणीतरी दुखावेल, ठरविले तर जबाबदारी अंगावर येईल आणि चुकले तर लोक आपल्याकडे बोट दाखवितील. हे भय तो विनयाच्या, वडीलकीच्या किंवा शहाणपणाच्या वस्त्रात गुंडाळतो. माझे त्या दिवशीचे बोलणे ह्या प्रकारचे होते.

हे वस्त्र किती भारदस्त असू शकते ह्याचे उदाहरण सभापर्वात आहे. द्यूतात स्वतःला हरलेल्या पतीला पत्नीला पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, असा प्रश्न द्रौपदीने भर सभेत विचारला. त्या सभेतील सर्वांत ज्ञानी, सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत पराक्रमी पुरुष म्हणजे भीष्म. त्यांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगितले आणि प्रश्नाचा निवाडा करण्यास असमर्थता दाखविली. ते म्हणणे खोटे नव्हते. धर्म सूक्ष्म आहेच. परंतु त्या सूक्ष्मपणाचा विचार चालू असताना समोर एका स्त्रीची विटंबना होत होती. त्या वेळी उठून बोलला तो विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. वयाने लहान, मानाने लहान, आणि ज्यांच्या विरुद्ध बोलायचे ते सख्खे भाऊ. कर्णाने त्याला पोर ठरवून गप्प बसविले. विकर्णाच्या बोलण्याने द्रौपदीचे संकट टळले नाही, हे खरे. तरीपण ती सभा अगदीच मुकी नव्हती, एवढी साक्ष त्याच्यामुळे राहिली. पितामहांच्या पांडित्यापेक्षा त्या दिवशी त्या तरुणाचे चार शब्द जड होते.

आपण राहतो त्या सुरतेच्या इतिहासातही ह्या विषयाचा एक मोठा धडा आहे. कोसाडहून ताप्ती ओलांडून शहरात जाताना आपल्यापैकी किती जणांना आठवत असेल, कोण जाणे! १९०७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन ह्याच शहरी भरले होते. ते मुळात नागपुरास व्हावयाचे होते; तेथील पक्षभेद विकोपास गेल्यामुळे सुरतेस आणले गेले. एका बाजूस फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले, सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे नेमस्त. दुसऱ्या बाजूस लोकमान्य टिळक, अरविंद घोष आणि त्यांचे जहाल सहकारी. आदल्या वर्षी कलकत्त्यास स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ह्यांविषयीचे ठराव झाले होते. ते आता पातळ केले जातील, अशी जहालांना धास्ती होती. नेमस्तांना वाटे की, हे लोक सभेला अशा वाटेने नेत आहेत की सरकार ती चिरडून टाकील. ह्या वादाच्या केंद्रस्थानी दोघेही मराठीच होते, एक टिळक आणि एक गोखले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

नुकतेच मंडालेच्या हद्दपारीतून सुटून आलेले लाला लजपतराय ह्यांना अध्यक्ष करावे, अशी जहालांची इच्छा होती. आपल्या नावावरून फूट पडू नये म्हणून लालाजींनी ते नाकारले आणि उभय पक्षांत समेट व्हावा म्हणून खटपट केली. ह्याला मध्यस्थी म्हणतात. समेट झाला नाही. २६ डिसेंबरला गोंधळामुळे सभा तहकूब करावी लागली. २७ डिसेंबरला राशबिहारी घोष अध्यक्षस्थानी येताच टिळक आपली सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. त्यांना बोलू दिले जाईना आणि ते जागचे हलेनात. तेवढ्यात श्रोत्यांतून एक जोडा भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथांना आणि मेहतांना लागला. खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या आणि सभा मोडली.

त्या दांडगाईचे समर्थन कोणीही करू नये. निर्णय घेणे म्हणजे जोडा फेकणे नव्हे, हे त्या दिवसाने शिकविले. परंतु दुसरीही एक गोष्ट शिकविली. टिळक आणि गोखले कुंपणावर बसलेले नव्हते. दोघांनीही आपापली भूमिका उघड सांगितली आणि तिची किंमत स्वतः मोजली. पुढच्याच वर्षी, १९०८ साली, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. गोखल्यांनी आपल्याच प्रांतातील तरुणांची अवहेलना सोसली. गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत निवर्तले. त्यानंतर १९१६ साली लखनौस दोन्ही पक्ष पुन्हा एका मांडवाखाली आले. असे एकत्र येणे शक्य झाले ह्याच्या कारणांत मला एक कारण हेही दिसते की, कोण कोठे उभा आहे हे एकमेकांना ठाऊक होते. जो उघडपणे विरोध करतो त्याच्याशी उद्या समेट करता येतो. ज्याचे मतच कळत नाही, त्याच्याशी समेट करायचा तो कशावर?

मोठ्या माणसांच्या ह्या गोष्टी वाचून आपण म्हणू, आमच्यापुढे असे राष्ट्राचे प्रश्न कोठे आहेत? नाहीत हे खरे. आमचे प्रश्न लहान आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या बाबतीत कुंपणावर बसणे फार सोपे आहे. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होतो. पोहे खाऊन मंडळी उठतात. मुलाकडच्यांचे मन नाही हे त्यांना दाराबाहेर पडण्यापूर्वीच कळलेले असते, तरी ते म्हणतात, "कळवतो." पंधरा दिवस जातात, महिना जातो. मुलीचा बाप दुसरे स्थळ पाहावे की थांबावे ह्या विवंचनेत असतो. एका स्पष्ट नकाराने जी वेदना चार दिवसांची झाली असती, ती सौजन्याच्या नावाखाली चार महिन्यांची होते.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांचेच आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरे धुळे, जळगाव, नंदुरबारकडून यंत्रमागाच्या किंवा साड्यांच्या कामासाठी ह्या बाजूस आली. येताना प्रत्येकजण म्हणाला की, चार पैसे गाठीला बांधून परत जाऊ. त्यात वीस वर्षे गेली, तीस गेली. अजून ठरलेले नाही. येथे घर घ्यावे तर गावचे घर हाक मारते, गावच्या घराचे छप्पर दुरुस्त करावे तर "आता तेथे राहणार कोण?" असा प्रश्न पडतो. मुलांना सुरतेच्या महापालिकेच्या मराठी शाळेत घालावे, गुजराती शाळेत घालावे की इंग्रजी शाळेत, ह्याची चर्चा प्रत्येक जूनमध्ये होते. कित्येक मुलांची शाळा ह्या चर्चेच्या पायी मध्येच बदलली जाते. मग मराठी अर्धी, गुजराती अर्धी आणि इंग्रजी भीतीची, अशी त्या मुलाची गत होते. तिन्ही शाळांतून शिकून शहाणी झालेली मुले आहेत. शाळा कोणती ह्याहून, आईबापांनी एक काहीतरी मनापासून ठरवून त्यापाठी उभे राहणे, ह्याला महत्त्व अधिक आहे.

येथपर्यंत मी इतरांची उदाहरणे दिली. आता माझे देतो, कारण ते न देता हा लेख लिहिणे म्हणजे पुन्हा कुंपणावर बसणेच होईल.

माझी आई गेल्यानंतर आबा नंदुरबारकडील आमच्या खेड्यात एकटेच राहत होते. त्यांना येथे आणावे असे मला वाटे. पण दोन खोल्यांचे घर, मुलांचे अभ्यास. शिवाय शेतावर जगलेल्या माणसाला ह्या इमारतीत करमेल का, अशीही शंका होती. बहिणीने आपल्याकडे नेण्याची तयारी दाखविली होती, पण लेकीच्या घरी बाप ठेवला म्हणून लोक काय म्हणतील, ही दुसरी शंका. पत्नी म्हणाली, "तुम्ही एकदा काय ते ठरवा. मी दोन्हीला तयार आहे." मी म्हणालो, "दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर म्हणालो, "मुलांच्या परीक्षा होऊ द्या." परीक्षांनंतर उन्हाळा होता आणि उन्हाळ्यानंतर पावसाळा. आबा दूरध्वनीवर बाकीचे सारे बोलून झाल्यावर शेवटी हळूच विचारीत, "मग काय ठरलं रे?" मी म्हणे, "बघतो आहे, आबा." मला तेव्हा खरोखर वाटे की, मी काहीच वाईट करीत नाही. मी नकार दिलेला नव्हता. मी फक्त विचार करीत होतो.

दुसऱ्या हिवाळ्यात एके रात्री ते झोपेतच गेले. शेजाऱ्यांना सकाळी कळले. उधन्याहून गाडीने मी गावी पोहोचलो. सर्व विधी झाल्यावर घर आवरू लागलो तेव्हा त्यांची जुनी पत्र्याची ट्रंक भिंतीपाशी उभी दिसली. उघडली तर आत धुतलेली दोन धोतरे, सदरे, आईचा एक फोटो, औषधांची पिशवी आणि नातवंडांसाठी घेतलेली चिक्कीची पुडी, सारे नीट बांधून ठेवलेले. शेजारच्या काकूंनी सांगितले की, गेल्या दिवाळीपासून ट्रंक अशीच भरलेली आहे. शेळी त्यांनी तेव्हाच देऊन टाकली होती. "मुलाकडे जायचं आहे, मागे तिचे हाल नकोत," असे ते म्हणत. मधून मधून ट्रंक उघडून कपडे उन्हात घालीत आणि पुन्हा घडी करून ठेवीत.

वाचकहो, मला जो सावकाश विचार वाटत होता, त्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा वर्षभर भरलेल्या ट्रंकेशेजारी बसून होता. "येथे जमणार नाही, बहिणीकडे राहा," असे मी म्हटले असते, तर त्यांना दुःख झाले असते. पण त्यांनी ट्रंक रिकामी केली असती, शेळी ठेवली असती, कदाचित लेकीकडे जाऊन चार दिवस सुखाने राहिले असते. मी त्यांना नकारसुद्धा दिला नाही. आपले कुंपण काट्यांचे असते असे मी आरंभी म्हटले. ते काटे वर बसलेल्याला टोचत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले. ते टोचतात खाली वाट पाहत उभ्या असलेल्याला.

ह्यातून मी जे शिकलो ते एवढेच की, ठरविले नाही म्हणजे काही घडले नाही, असे कधीच होत नाही. आपण ठरविले नाही तर काळ ठरवितो, रूढी ठरविते किंवा जो मोठ्याने बोलतो तो ठरवितो. त्या बैठकीत आपण काहीच ठरविले नाही असे आपल्याला वाटले. प्रत्यक्षात ध्वनिक्षेपक दुसऱ्या दिवशीही लागला, कारण तो आधीपासून लागत होता. म्हणजे निर्णय झालाच, मात्र तो कोणीही घेतला नाही. चुकलेला निर्णय ज्याने घेतला त्याला निदान जाब विचारता येतो आणि त्याला तो सुधारता येतो. न घेतलेल्या निर्णयाला धनी नसतो.

म्हणून मी स्वतःसाठी काही साधे नियम केले आहेत. विचार करायचा असेल तर त्याला तिथी लावावी. "बघू" न म्हणता "येत्या पौर्णिमेपर्यंत सांगतो" असे म्हणावे आणि त्या दिवशी सांगावे. विचाराच्या मुदतीत काहीतरी चौकशी करावी, कोणाला तरी विचारावे. नुसते दिवस काढणे म्हणजे विचार नव्हे. आपल्या उत्तराची वाट कोण पाहत आहे, हे दररोज एकदा आठवावे. नकार द्यायचा असेल तर तो सौम्य शब्दांत पण लवकर द्यावा. आणि खरोखरच काही कळत नसेल, तर "मला कळत नाही" असे स्पष्ट म्हणावे, कारण तेही एक प्रामाणिक उत्तर आहे. "दोन्ही बरोबर" हे मात्र बहुधा उत्तर नसते.

आता राहिला तो त्या बैठकीतील प्रश्न. ह्या वर्षीच्या परीक्षा होऊन गेल्या. पुढील वर्षीच्या येतीलच. त्या तरुण मित्राला मी माझे उत्तर येथेच देतो. माझ्या मते परीक्षेच्या दिवसांत सायंकाळचे भजन ध्वनिक्षेपकाविना व्हावे. ज्या वृद्ध भगिनींना खाली येता येत नाही, त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दिवस भजनी मंडळींनी एकेका इमारतीच्या जिन्याशी, अभ्यासाची वेळ सोडून, जाऊन बसावे. टाळ-मृदंगाचा आवाज वर पोहोचण्यास यंत्र लागत नाही. हे मत काहींना रुचणार नाही, आणि ते चुकीचेही असेल. तसे असेल तर येत्या बैठकीत उठून तसे सांगावे. मी ऐकेन, आणि पटले तर बदलेनही. पण ह्या वेळी मला विचारल्यावर "मंडळ ठरवील ते" असे मी म्हणणार नाही, कारण मंडळ म्हणजे आपणच.